हजर माणसांची गणती

करंजखोलच्या बायकांनी सरकारचे आकडे शेणाने सारवून टाकले, तेव्हाच हरिश्चंद्र मास्तरांनी ओळखायला हवं होतं की ह्या खेपेची खानेसुमारी त्यांना जड जाणार.

आकडे त्यांनी स्वतः घातले होते. दाराच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, गेरूने, एक ते एक्क्याऐंशी. मास्तरांना आपल्या अक्षराचा भारी अभिमान. सातचा आकडासुद्धा ते असा काढीत की जणू तो उद्या देवळात पुजायचा आहे. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच खालच्या वाडीतली निम्मी घरं पुन्हा कोरी. बायकांनी भिंती सारवायला काढल्या होत्या, आणि हात फिरता फिरता आकडा आला तर त्यावरूनही तो फिरला होता.

"सरकारचा आकडा होता तो," मास्तर राहीच्या अंगणात उभे राहून म्हणाले.

"मग परत काडा की मास्तरानु," राही म्हणाली. तिचा हात शेणातून बाहेरसुद्धा आला नव्हता. "भिंत आमची, आकडा तुमचा. आमी कुटं नको बोल्लाव?"

मास्तरांनी परत काढला. एवढं जड अंतःकरण करून गेरू कालवणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल.

मास्तर त्रेपन्न वर्षांचे, लोकल बोर्डाच्या शाळेचे एकुलते एक शिक्षक. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. पत्नी दमयंती चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घर सून मालनच्या हातात. मालन, तिची आठ वर्षांची विमल आणि मास्तर, अशी तीन माणसं. मुलगा बाळा नऊ वर्षं मुंबईला गिरणीत होता. जमेल त्या वर्षी शिमग्याला येई, चार दिवस राही, आणि पाचव्या दिवशी पूर्णगडच्या बंदरावर ट्रंक घेऊन उभा असे. गावातल्या बहुतेक घरांचं हेच होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी वेगळं बोलत नसे.

मास्तरांनी एकवीस सालची खानेसुमारीही केली होती. तेव्हा गावची माणसं चारशे बारा भरली. हा आकडा त्यांना पोटच्या पोराच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. कुणी करंजखोलला लहान गाव म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "चारशे बारा." आता एकतीस साल उजाडलं होतं, आणि मास्तरांना आतून एक धास्ती होती. शाळेचा पट वाढत नव्हता. देवळात पालखी उचलायला खांदे कमी पडू लागले होते. गेल्या शिमग्याला तर होळीचा माड आणायला शेजारच्या वाडीतून माणसं मागवावी लागली. आपल्या हातून गावचा आकडा खाली येऊ नये, एवढी एकच इच्छा मास्तरांनी धरली होती. ती कुणाला सांगितली असती तर लोक हसले असते, म्हणून सांगितली नाही.

खानेसुमारीची रीत अशी होती. जानेवारीत घरोघर जाऊन कच्ची यादी करायची. जी माणसं नेमल्या दिवशी घरात असतील असं वाटतं, ती सगळी लिहायची. मग ती यादी काळ्या शाईने छापील तक्त्यांवर उतरवायची. शेवटी सव्वीस फेब्रुवारीला, दिवेलागणीनंतर, पुन्हा प्रत्येक घरी जायचं. जो हजर नाही त्याच्या नावावर लाल शाईची रेघ. जो नवा आला असेल तो लाल शाईने आत. त्या एका रात्री जो जिथे असेल तो तिथला. सबंध हिंदुस्थानात हीच रीत. कचेरीतल्या साहेबाने ती तीनदा समजावली होती, आणि मास्तर पहिल्याच खेपेला समजले होते.

करंजखोलच्या बायकांना मात्र दुसरीच गणती ठाऊक होती. शिमग्यात देवाची पालखी दारात आली की धोंडू गुरव हातात टोपली घेऊन विचारतो, "मानसं किती?" घरची बाई आकडा सांगते आणि धोंडू तेवढे खोबऱ्याचे तुकडे तिच्या ओंजळीत घालतो. ह्या आकड्यात मुंबईची माणसं धरायची असतात. त्यांचे तुकडे सुकवून, पुडीत बांधून, कुणी जाणारा असेल त्याच्याबरोबर पाठवायचे. जो आकड्यात नाही तो देवाच्या नजरेत नाही, अशी समजूत. फक्त मास्तरांच्या दारात हे चालत नसे. बाळा आला नसला की मास्तर ओटीवर येऊन स्वतः सांगत, "हजर तीन." दमयंती होती तेव्हा, "हजर चार." त्यावरून दमयंती दर शिमग्याला दोन दिवस अबोला धरी. "देवाला खोटं कसं सांगायचं?" असं मास्तर म्हणत. त्यांना ते फार बिनतोड वाटे.

तर जानेवारीत मास्तर कागद घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माणसं किती?" बायकांनी पालखीला सांगतात तो आकडा सांगितला.

राहीने सांगितलं, "तीन. मी, सासू, आनि ह्यो."

"केरू आहे कुठे पण?"

"मुंबयला."

"कधी आला होता?"

राहीने बोटांवर मोजलं. "तीन शिमगं झालं."

"पत्र?"

"त्याला लिवता कुटं येतंय." मग तिने शिंक्यातून एक पत्र्याचा डबा काढून मास्तरांपुढे धरला. आत खोबऱ्याचे तीन तुकडे होते. एक बरा, एक पिवळा, एक पार काळा पडलेला. "कुनाबरोबर धाडू? हिकडनं जातो त्यो म्हंतो, केरू आमच्या खोलीत नाय. मग ठेवलं. येनार म्हंजे येनार ह्या शिमग्याला. लिवा तुमी."

मास्तरांनी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सव्वीस तारीख म्हणजे फाल्गुनातली नवमी. पौर्णिमा पाच-सहा दिवसांवर. चाकरमानी त्या सुमारास बोटीने उतरू लागतात. तेव्हा 'नेमल्या दिवशी घरात असतील असं वाटतं' ह्या कलमात ते बसत होते. बसवायचेच म्हटले तर बसत होते. मास्तरांनी केरूला लिहिलं. पुढच्या घरी आणखी दोघांना लिहिलं. संध्याकाळी बेरीज केली तेव्हा गाव चारशे सदतीस झालं होतं. मास्तर त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवले.

आपल्या घराच्या रकान्यात त्यांनी बाळाचंही नाव लिहिलं. सगळ्यांचं लिहिलं तर त्याचंच का नको?

मग माघात बाळाचं पत्र आलं. पाकीट होतं. एरवी तो कार्ड टाकी, आणि ते पोस्टमनसकट वाटेवरच्या सगळ्यांनी वाचलेलं असे. हे शाळेत हाती पडलं. मास्तरांनी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी जाऊन फोडलं.

"ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. आजवर गावकऱ्यांच्या खोलीत वीस जणांत राहत होतो, तेथे बायकामाणसाची सोय नव्हती. आता लालबागेस चाळीत स्वतःची खोली मिळाली आहे. तरी मालनला व विमलला लवकर पाठवून द्यावे. फाल्गुन लागण्याआधी आल्यास बरे. खोली लावायची असल्यामुळे या साली शिमग्यास येणे नाही. आपल्या जेवणाची सोय काशीकाकूकडे होईल असे वाटते."

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी ते शेवटच्या ओळीपाशी थांबले. काशीकाकू म्हणजे शेजारीण. बिचारी चांगली होती, पण तिच्या कुळथाच्या पिठीत मीठ कधी असे, कधी नसे. आणि प्रश्न पिठीचा नव्हताच. संध्याकाळी शाळेतून आल्यावर विमल ओटीवर बसून ओरडे, "आई, आबा आले." हे आता कोण ओरडणार होतं? मास्तरांना खिडकीपाशी भीती वाटली. तीही साधीसुधी नाही, काळोखात एकटं सापडलेल्या पोराला वाटते तशी.

त्यांनी ठरवलं, की पत्र सांगायचं, पण खानेसुमारी झाल्यावर. आता मालन गेली तर दोन माणसं कमी होणार. शिवाय तक्ते उतरवायचं काम तिच्याच हाती होतं. म्हणजे हा सरकारी कामाचा प्रश्न होता. स्वतःला फसवायला माणसाला सरकारसारखं दुसरं निमित्त नाही.

पत्र त्यांनी एकवीस सालच्या कच्च्या बाडात ठेवलं. ते जुनं बाड त्यांनी दहा वर्षं ट्रंकेत जपलं होतं. एवढा हुशार माणूस, पण लपवायला जागा कोणती शोधली पाहा. गावातल्या बायकांना वय विचारलं तर त्या म्हणत, "लिवा काय तरी." म्हणून मास्तरांनीच युक्ती काढली होती, की जुन्या बाडातून वय काढायचं आणि त्यात दहा मिळवायचे. ते मिळवायचं काम कोण करीत होतं, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

ते काम मालन करीत होती. मास्तरांची नजर दिव्याला काम देईनाशी झाली होती. मालन मूळची भाट्याची, लग्न होऊन आली तेव्हा अक्षरशत्रू. बाळा मुंबईला गेल्यावर मास्तरांनी तिला संध्याकाळी पाटी घेऊन बसवलं. आता तिचं अक्षर हुबेहूब मास्तरांचं होतं, सातच्या आकड्यासकट. 'लिहितावाचता येतं का' ह्या रकान्यात सगळ्या गावात एकाच बाईपुढे 'होय' होतं. ते 'होय' मास्तरांनी कच्च्या यादीत जरा मोठंच काढलं होतं.

मालन उतरवता उतरवता फारसं बोलत नसे. एकदाच ती थांबली. छापील तक्त्यावर जन्माचा नुसता जिल्हा हवा होता, पण कच्च्या यादीत मास्तरांनी सवयीने गावाचं नाव लिहिलं होतं.

"मामंजी, एक गंमत सांगू?"

"सांग."

"ह्या सगळ्या कागदांत मुंबईवाले आणि चार म्हातारे सोडले, तर करंजखोलला जन्मलेलं मोठं माणूस शोधून सापडत नाही. राही लांज्याची, काशीकाकू पावसच्या, मी भाट्याची. गावात जन्मल्या त्या पोरी लग्न होऊन गेल्या. पोरगे मुंबईला गेले. मग गाव राखतंय कोण? आम्ही सगळ्या परगावच्या."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. दहा वर्षं ते गावचा आकडा छातीशी धरून बसले होते, पण हे त्यांना दिसलं नव्हतं. आजोबा म्हणून, मास्तर म्हणून, सासरा म्हणून ते ज्या गावाबद्दल बोलत, ते गाव बायकांनी बाहेरून येऊन चालवलं होतं. आणि आता त्यांतली एक जाऊ म्हणत नव्हती, कारण तिला कुणी बोलावलंय हे तिला सांगितलंच नव्हतं.

"लिही पुढे," ते म्हणाले. "तेल जळतंय."

मालनने मान खाली घातली आणि लिहू लागली. तिचा चेहरा त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर पुढचे पंधरा दिवस त्यांना सोपे गेले असते, किंवा मुळीच गेले नसते.

सव्वीस तारखेला गुरुवार होता. मोजके चाकरमानी आधीच उतरले होते, बाकीच्यांची बोट शनिवारची. दिवे लागल्यावर मास्तर लाल शाईची दौत, टाक आणि कंदील घेऊन निघाले. चांदणं होतं, पण कागद वाचायला चांदणं पुरत नाही. पहिल्या घरात दोन रेघा. दुसऱ्यात एक. रेघा मारताना मास्तरांचा हात सरळ चालत होता. ज्या हाताने जानेवारीत लिहिलं तोच हात आता खोडत होता. आपल्या फुकटच्या चारशे सदतीसची शिक्षा आपण आपल्यालाच देतो आहोत, हे त्यांना चांगलं कळत होतं.

राहीच्या घरी सासू झोपली होती. राही दारातच बसली होती.

"आला नाय," तिने आपणहून सांगितलं.

मास्तरांनी तक्ता कंदिलाखाली धरला आणि केरूच्या नावावर रेघ मारली. राही त्या ओल्या लाल रेघेकडे बघत राहिली.

"मेलेल्याला बी आशीच मारतांव?"

"नाही ग. मेलेल्याला मुळात लिहीतच नाहीत. हा फक्त इथे हजर नाही, एवढंच. आत्ता ह्याच घटकेला मुंबईत दुसरा कुणी असाच कंदील घेऊन फिरत असेल. तो केरूला तिथे लिहील."

"त्याला काय म्हाईत ह्यो कुनाचा?"

"जन्म कुठला, असा रकाना असतो. केरू सांगेल, रत्नागिरी. तो लिहून घेईल."

राहीला हे बरं वाटलेलं दिसलं. तिने पदर सारखा केला. "म्हंजे आज त्यो गावाचं नाव काडनार."

"जिल्ह्याचं तरी."

"चालतंय." मास्तर उठले तेव्हा ती हळू म्हणाली, "मास्तरानु, मी लांज्याची, लिवलंव हितं. त्यो हितला, लिवलाय तितं. नवराबायको एका कागदावर यायची कदी?"

तिने हे भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मास्तर शिकलेले आहेत, त्यांना ठाऊक असेल. मास्तर "बघू" असं काहीतरी पुटपुटले आणि अंगणाबाहेर आले. दगडी गडग्यापाशी त्यांना थांबावं लागलं. राहीला कुणी बोलावलं असतं तर तिने आज चालत मुंबई गाठली असती. आणि आपल्या घरात एका बाईला बोलावणं आलं आहे, पाकिटातून आलं आहे, आणि ते आपण ट्रंकेत दडवून ठेवलं आहे. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. एवढी, की उरलेल्या घरांत ते कुणाच्या तोंडाकडे न बघता नावं वाचत गेले.

सगळी घरं संपवून ते आपल्या घरी आले. विमल पेंगत होती. मालन तक्त्यासाठी पाट मांडून बसली होती. मास्तरांनी रीतीप्रमाणे वाचलं, कारण रीत मोडून त्यांना काही करता येत नसे.

"हरिश्चंद्र, घरचा मुख्य, वय त्रेपन्न. हजर. बाळा, मुलगा, वय एकतीस." टाक बुडवला. रेघ मारली. "मालन, सून, वय सव्वीस. हजर. विमल, नात, वय आठ. हजर."

मग ते उठले, ट्रंक उघडली, एकवीस सालचं बाड काढलं. पानं उलटली. पुन्हा उलटली. बाड धरून झटकलं. पत्र नव्हतं.

"मामंजी," मालन म्हणाली, "ते माझ्याकडे आहे."

मास्तर बाड हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काशीकाकूंचं वय बघायला उघडलं. त्याच पानात होतं."

"कधी?"

"तुम्ही ठेवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

विमल झोपेत कूस बदलत होती. मास्तरांना बसावंसं वाटलं, पण पाट मालनपुढे होता, म्हणून ते खांबाला टेकले. "मी सांगणार होतो," ते म्हणाले. "गणती झाल्यावर."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून उत्तर धाडलं."

"काय लिहिलंस?"

"तुमच्या नावानं लिहिलं. 'चि. बाळास आशीर्वाद. खानेसुमारीचे काम मालनचे हाती आहे. ते आटोपताच दोघींना पाठवतो. बोटीवर महिपत खलाशी आहे, त्याच्या सोबतीने येतील. तू धक्क्यावर यावे.'" तिने टाक पुसून ठेवला. "अक्षर तुमचंच दिसतं माझं. त्यांना कळायचं नाही."

ही पोर पंधरा दिवस त्यांच्यासमोर बसून तक्ते उतरवत होती. जेवायला वाढत होती, काम दाखवत होती. आणि रोज वाट बघत होती, की हा शहाणा माणूस आज सांगतो की उद्या सांगतो.

"आणि मी आज हे बाड उघडलंच नसतं तर?"

मालनने लाल दौतीचं बूच घट्ट लावलं. "तर राहिले असते. तुम्हांला एकटं टाकून चोरून थोडीच गेले असते. पण परत तुमचं लिखाण मात्र केलं नसतं."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. लपवण्याचं त्यांचं कसब किती आहे हे दोघांनाही आता ठाऊक होतं.

शनिवारी ते दोघींना घेऊन खाडीच्या वाटेने पूर्णगडला गेले. सकाळची बोट उतरून गेली होती; बंदरावर ट्रंका, ढोलकी, नव्या धोतरांचे चाकरमानी आणि त्यांना न्यायला आलेली बायकापोरं, अशी गर्दी होती. मास्तरांनी एकेक चेहरा पाहिला. केरू नव्हता. विचारलं त्यांपैकी एकाने सांगितलं की केरू मुंबईतच शीवला कुठल्याशा खाणीवर आहे असं ऐकलं. मास्तरांनी ते मनात नीट लिहून घेतलं.

मुंबईकडे जाणारी चढती बोट दुपारी लांब येऊन उभी राहिली. महिपत खलाशाने बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यातून विमलला उचलून घेतलं. मालन वाकली, पाया पडली, आणि म्हणाली, "पिठीत मीठ नसेल तर सांगा काकूंना. तुम्ही सांगत नाही." मचवा बोटीला लागेपर्यंत मास्तर पाण्याच्या कडेला उभे होते. विमलने तिथून काहीतरी ओरडून सांगितलं, पण वारा उलटा होता.

परत येताना, कातळावर, अर्ध्या वाटेवर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ते एका दगडावर बसले. सव्वीस तारखेच्या रात्री मुंबईच्या कुणा गणकाने लालबागेच्या त्या खोलीत बाळाला लिहिलं असणार. एकट्याला. आणि मालनला त्यांनी करंजखोलला लिहिलं होतं. ते पत्र आलं त्याच दिवशी वाचून दाखवलं असतं, तर नवमीच्या रात्री तिघं एका कागदावर आली असती. आता ती आली नाहीत. आता ती एका कागदावर यायची ती एकेचाळीस साली, म्हणजे दहा वर्षांनी. बाकीच्यांचं नशीब असेल, राहीचं नशीब असेल. हे मात्र मास्तरांनी स्वतः, वळणदार अक्षरात, आपल्या हाताने केलं होतं.

तक्ते कचेरीत पोचले. चारशे सदतीसांतून चोपन्न गेले, पाहुणे आणि तान्ही पोरं धरून सहा नवे आले. उरले तीनशे एकोणनव्वद. साहेबाने चाळून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, एकही चूक नाही." मास्तर म्हणाले, "नाही कशी," पण साहेब तोवर दुसऱ्या गावाकडे वळला होता. शाळेच्या वाटेवर आता कुणी गावाबद्दल विचारलं तर ते चारशे बारा म्हणत नसत. तीनशे एकोणनव्वदही म्हणत नसत. राहीकडे जाऊन त्यांनी तेवढं सांगितलं, की शीवला खाण आहे, तिथे पत्र टाकतो. त्याच दिवशी त्यांनी ते टाकलं, आणि आत घालायला राहीने डब्यातला बरा होता तो खोबऱ्याचा तुकडा दिला. पाकीट जाड झालं, म्हणून पोस्टमनने दोनदा वळवून पाहिलं.

होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी पालखी मास्तरांच्या दारात आली. भोयांच्या खांद्यावर ती नाचली, मग ओटीसमोर टेकली. मास्तरांनी ओवाळलं. त्यांना ते नीट जमलं नाही. दर वर्षी ते घरातल्या बाईचं काम असे. मागच्या बाजूला काशीकाकू आणि राही उभ्या होत्या. दाराच्या उजव्या बाजूला गेरूचा आकडा अजून तसाच होता, कारण ह्या शिमग्याला मास्तरांची भिंत कुणी सारवली नव्हती.

धोंडू गुरवाने टोपली पुढे केली. तो मास्तरांना ओळखून होता. 'हजर एक' असं ऐकायची त्याने तयारी केलेली दिसत होती. त्याने खोबऱ्याचा एक तुकडा आधीच चिमटीत धरला होता. तरी रीत म्हणून त्याने विचारलं, "मास्तरानु, मानसं किती?"

मास्तरांनी दोन्ही हात जुळवून ओंजळ केली.

"चार," ते म्हणाले.

धोंडूने मान वर केली नाही. त्याने टोपलीत पुन्हा हात घातला आणि मोजून चार तुकडे ओंजळीत टाकले. पालखी उठली, ढोल पुढच्या अंगणाकडे गेले. मास्तर आत आले. एक तुकडा त्यांनी तिथेच उभ्याने खाल्ला, आणि उरलेले तीन शिंक्यात सुकत ठेवले.